मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणातील शांत जागा कमी कशा कराव्यात: ऑडॅसिटीवर काम करण्याची सविस्तर पद्धत

ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात गेली काही वर्षे मी वयस्क मंडळींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो आहे. विषय बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना इकडे सगळेच मामा तलाव म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेली तेव्हा जे लहान होते ते आता ऐंशीच्या आसपास आहेत, आणि पाळ (तलावाचा बांध) कोणाच्या काळात घातली, तुडूम (पाणी सोडण्याचे दार) केव्हा उघडायचे, कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) पाणी आधी आणि कोणत्या बांधीला मागून, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकण्याची हीच वेळ आहे. ही ध्वनिमुद्रणे गावच्या वाचनालयात आणि शाळेत ऐकवली जातात, आणि तिथेच अडचण सुरू होते. दीड तासाच्या मुलाखतीत वीस-पंचवीस मिनिटे कोणीच बोललेले नसते. मध्येच चहा येतो, कोणी खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) घोटायला घेतो, आजोबा एखादे नाव आठवत छताकडे पाहत राहतात. समोर बसलेल्याला यातले काही खटकत नाही. केवळ ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र दहा सेकंदांची शांतता आली की मोबाइल बंद पडला असेच वाटते.

या शांत जागा कमी करण्यासाठी मी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते लिहायला घेतले आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. जुन्या लॅपटॉपवरही ते चालते आणि एकदा उतरवून घेतल्यावर कामासाठी इंटरनेट लागत नाही, त्यामुळे खेड्यात काम करणाऱ्याला ते विशेष सोयीचे आहे. ऑडॅसिटीटीम डॉट ओआरजी या त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच ते घ्यावे.

आधी मूळ फाइल सुरक्षित करावी

ही पायरी मी आग्रहाने सर्वांत आधी सांगतो, कारण ती न पाळल्याने माझे एक नुकसान झाले आहे. सुरुवातीच्या काळात एका आजींची मुलाखत मी घेतली होती. तुडुमाच्या तोंडापासून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी कोणत्या क्रमाने जायचे ते त्या एकेका बांधीचे नाव घेऊन सांगत होत्या आणि प्रत्येक नावानंतर थांबून त्या दिशेने हात दाखवत होत्या. घरी येऊन मी सॉफ्टवेअरमधील तयार आकडे न बदलता शांतता काढण्याची आज्ञा दिली आणि तीच फाइल जुन्या फाइलवर जतन केली. नंतर नावे लिहून काढायला बसलो तेव्हा ती एकमेकांत इतकी मिसळली होती की दोन बांध्यांची दोन नावे आहेत की एकाच बांधीचे जोडनाव आहे, हे दोन ठिकाणी कळेना. पुन्हा त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागले. त्यांना सारे नीट आठवत होते म्हणून निभावले.

म्हणून मोबाइलमधून फाइल संगणकावर घेतल्याबरोबर तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि त्या प्रतीला पुन्हा हात लावू नये. संपादन दुसऱ्या प्रतीवरच करावे. बहुतेक मोबाइल आवाज एम-फोर-ए प्रकारच्या फाइलमध्ये साठवतात. विंडोजवर ऑडॅसिटीला अशी फाइल उघडण्यासाठी एफएफएमपेग नावाची जोड-लायब्ररी वेगळी बसवावी लागते, ती एकदाच बसवली की पुढे अडचण येत नाही. फाइल उघडल्यावर लगेच कंट्रोल आणि एस दाबून प्रकल्प जतन करावा. आवृत्ती ३ पासून हा प्रकल्प एयूपी-थ्री प्रकारच्या एकाच फाइलमध्ये राहतो. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने दर थोड्या वेळाने पुन्हा कंट्रोल-एस दाबण्याची सवय हाताला लावून घ्यावी. आवाज दोन वाहिन्यांचा असेल तर ट्रॅक्स मेनूमधील मिक्स या पर्यायातून तो एका वाहिनीचा, म्हणजे मोनो करून घ्यावा. एका माणसाच्या बोलण्याला दोन वाहिन्यांची गरज नसते आणि फाइल निम्मी होते.

आपल्या गावची शांतता मोजून घ्यावी

सगळ्या कामाचे मर्म या पायरीत आहे, म्हणून इथे सावकाश जावे. संगणकाला बोलणे आणि न बोलणे यातला फरक कळत नाही, त्याला केवळ आवाजाची उंची कळते. ती डेसिबलमध्ये मोजतात आणि ऑडॅसिटीत सर्वांत मोठा आवाज शून्य धरून बाकी सर्व आकडे उणे लिहिले जातात. उणे २० म्हणजे त्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या लहरीचा एक दशांश, उणे ४० म्हणजे एक शतांश आणि उणे ६० म्हणजे एक सहस्रांश. आपण ठरवून दिलेल्या एका उंबरठ्याखाली आवाज गेला आणि तिथे ठराविक काळ राहिला, की सॉफ्टवेअर त्या जागेला शांतता मानते. या उंबरठ्याला थ्रेशोल्ड म्हणतात.

आता खेड्यातली शांतता कधीच निखळ नसते. दुपारी पंख्याची घरघर असते, रात्री रातकिडे असतात, पावसाळ्यात टिनाच्या छपरावर सरी असतात, लांब कुठेतरी थ्रेशर चालू असतो. म्हणून दुसऱ्या कोणी सांगितलेला आकडा आपल्या फाइलला लावू नये. प्रत्येक मुलाखतीत कोणीही बोलत नाही अशी दोन-तीन सेकंदांची जागा माउसने निवडावी, ॲनलाइझ मेनूमधील काँट्रास्ट ही खिडकी उघडावी आणि पार्श्वभूमीच्या ओळीतील मोजण्याचे बटण दाबावे. मग बोलण्याचा एखादा संथ भाग निवडून वरच्या ओळीत तसेच करावे. माझ्या एका हिवाळ्यातल्या मुलाखतीत शांत जागेची सरासरी उणे ५२ आली होती आणि बोलण्याची उणे २२. जूनमध्ये पंखा चालू ठेवून घेतलेल्या मुलाखतीत शांत जागाच उणे ३८ वर होती.

उंबरठा शांत जागेच्या सरासरीपेक्षा साधारण १० ते १२ डेसिबल वर ठेवावा. सरासरीवरच ठेवला तर चालत नाही, कारण सॉफ्टवेअर सरासरी पाहत नाही. ते आवाजाचा प्रत्येक लहानसा नमुना तपासते आणि पार्श्वभूमीतला एखादा ठिपका जरी उंबरठ्यावर उसळला तरी शांतता तिथे तुटली असे मानते. त्या हिवाळ्यातल्या मुलाखतीसाठी म्हणून मी उणे ४० घेतले. पंख्याच्या मुलाखतीत याच हिशेबाने उणे २७ आले असते, पण तो आकडा बोलण्याच्या फारच जवळ होता.

उंबरठा बोलण्याच्या जवळ गेला की काय होते ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. आपल्या भाषेत स, श, फ, ह ही अक्षरे श्वासाची आहेत आणि त्यांचा आवाज स्वरांपेक्षा पुष्कळ कमी असतो. वयस्क माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो. त्यामुळे थांबून उत्तर देणाऱ्या आजोबांच्या 'हाव' (म्हणजे होय) मधला 'ह' शांततेत जमा होतो आणि 'आव' एवढेच ऐकू येते, आणि वाक्याच्या टोकाचे 'नाही' केवळ 'ना' होऊन बसते. ऑडॅसिटीत हा उंबरठा मुळात उणे २० वर ठेवलेला असतो. मोबाइलवर, दोन हात अंतरावरून घेतलेल्या बोलण्याला तो बहुधा फार वरचा पडतो आणि शब्दांची टोके खातो.

खरखर आधी, शांतता मागून

पार्श्वभूमीचा आवाज जास्त असेल तर तो आधी कमी करावा लागतो आणि इथे क्रम चुकवून चालत नाही. इफेक्ट मेनूमधील नॉइज रिडक्शनला खरखरीचा नमुना द्यावा लागतो आणि तो नमुना शांत जागेतूनच मिळतो. शांत जागा आधीच कापून टाकल्या तर नमुना कुठून घ्यायचा? म्हणून कोणी बोलत नाही अशी काही सेकंदांची जागा निवडून प्रथम नमुना घ्यावा, मग पूर्ण मुलाखत निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडावा आणि हलक्या हाताने लावावा. फार लावला तर माणूस विहिरीत उतरून बोलतो आहे असे वाटू लागते. इन्व्हर्टरची किंवा पंख्याची खालची घरघर असेल तर त्याआधी खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावून पाहावा. पंख्याच्या त्या मुलाखतीला मी हे दोन्ही उपाय केले, शांत जागा पुन्हा मोजली, आणि मग उंबरठा बोलण्यापासून पुरेसा खाली नेता आला. याउलट आवाज सपाट करणारा कॉम्प्रेसर मात्र शांतता कमी केल्यानंतरच लावावा, कारण कॉम्प्रेसरनंतर आवाजाची पातळी उचलली की बोलण्याबरोबर पार्श्वभूमीही वर येते आणि आपण मोजलेला उंबरठा निरुपयोगी होतो.

यातले पुष्कळसे काम मुलाखतीच्या दिवशीच वाचवता येते. गुरे चरायला गेल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वीची वेळ निवडावी, पंखा थोडा वेळ बंद ठेवण्याची विनंती करावी आणि जमल्यास धानाची पोती रचलेल्या खोलीत बसावे. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर पहिले दहा सेकंद कोणीही बोलू नये, म्हणजे खरखरीचा नमुना आपोआप हाती येतो.

ठेवायच्या शांत जागा आधी नोंदवाव्यात

सगळी शांतता फालतू नसते. चहा ओतला जात असताना पडलेली खंड आणि पुरात पाळ फुटल्याची रात्र सांगण्यापूर्वी आजोबा थांबले ती खंड, या दोन्ही संगणकाला सारख्याच दिसतात. त्यांच्यात निवड करण्याचे काम आपलेच आहे. म्हणून कापण्यापूर्वी पूर्ण मुलाखत एकदा ऐकावी. ऐकता ऐकता कंट्रोल आणि एम दाबले की त्या क्षणी खूण पडते. मी खुणेबरोबर वहीतही मिनिट आणि सेकंद लिहितो, पुढे तेच जास्त उपयोगी पडते.

माझ्या वहीत तीन प्रकारच्या जागांसमोर 'ठेवणे' असे लिहिलेले असते. पहिला प्रकार भावनेमुळे आलेल्या शांततेचा. दुसरा नावे, मोजमापे आणि क्रम सांगतानाच्या थांब्यांचा, ज्याचा धडा मला त्या आजींच्या मुलाखतीने दिला. तिसरा प्रकार, माणूस आठवत असतानाचा. एका आजोबांनी माझ्या घाईच्या प्रश्नावर 'थांब ना गा, याद येऊ दे' असे म्हटले आणि मग चांगले अकरा सेकंद गप्प राहून त्यांनी पाळीवर काम केलेल्या गावातल्या घरांची नावे ओळीने सांगितली. ते वाक्य ठेवून पुढचे अकरा सेकंद अर्ध्या सेकंदावर आणले तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही. मी तिथे सहा सेकंद ठेवले.

जात्यावरच्या ओव्या किंवा कोणतेही गाणे असेल तर हा इफेक्ट त्या भागाला मुळीच लावू नये. दोन ओळींच्या मधली जागा लयीचा भाग असते आणि ती आखडली की जात्याची फेरी मोडते.

प्रत्यक्ष कपात

आता ज्या भागातील शांतता कमी करायची आहे तो निवडावा आणि इफेक्ट मेनूमधील स्पेशल या गटातून ट्रंकेट सायलेन्स उघडावे. खिडकीत पहिला आकडा थ्रेशोल्डचा आहे, तिथे आपण मोजून काढलेला उंबरठा टाकावा. दुसरा ड्युरेशनचा आहे, म्हणजे किती वेळाहून लांब शांतता पकडायची. मुळात तो अर्धा सेकंद असतो. सावकाश बोलणाऱ्या माणसाच्या दोन वाक्यांमधली सहज जागाही तेवढी असते, म्हणून मी ०.८ सेकंद ठेवतो.

त्याखाली दोन पद्धतींमधून एक निवडायची असते. पहिली पद्धत सापडलेली प्रत्येक शांतता ठरलेल्या एका लांबीवर आणून ठेवते. समजा, एका सेकंदाहून लांब शांतता पकडून ती अर्ध्या सेकंदावर आणायला सांगितले, तर ०.९ सेकंदाची जागा जशीच्या तशी राहते आणि १.१ सेकंदाची मात्र ०.५ होते. म्हणजे मुळात जो थांबा लांब होता तो आखूड होतो आणि आखूड होता तो लांब ठरतो. बोलण्याची चाल बिघडते आणि ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. ही पद्धत वापरायचीच असेल तर दोन्ही आकडे सारखे किंवा जवळजवळ ठेवावेत.

मुलाखतींसाठी मला दुसरी पद्धत योग्य वाटते. तिचे नाव कॉम्प्रेस एक्सेस सायलेन्स. ती ठरलेल्या काळाहून जास्त असलेला भाग तेवढा आपण दिलेल्या टक्क्यांवर आणते. ड्युरेशन ०.८ आणि प्रमाण ४० टक्के ठेवले, तर २ सेकंदांच्या शांततेतील जास्तीचे १.२ सेकंद ०.४८ होतात आणि एकूण जागा १.२८ सेकंदांची उरते. ५ सेकंदांच्या शांततेतील ४.२ सेकंद १.६८ होतात आणि एकूण २.४८ सेकंद उरतात. लांब थांबा लांबच राहतो, आखूड थांबा आखूडच राहतो, आणि तरीही वेळ वाचतो. माणसाच्या बोलण्याची ठेवण या पद्धतीत टिकते, हे मी अनेक मुलाखतींवर ताडून पाहिले आहे.

आकडे टाकल्यावर पूर्वश्रवणाचे बटण दाबून काही सेकंद ऐकावे आणि मगच इफेक्ट लावावा. चूक वाटल्यास कंट्रोल आणि झेड दाबले की सर्व पूर्ववत होते.

राखून ठेवायच्या जागा वाचवण्यासाठी एक युक्ती आहे, ती म्हणजे काम मुलाखतीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे करत यावे. वहीतील शेवटच्या 'ठेवणे' या नोंदीपासून फाइलच्या अखेरपर्यंतचा भाग निवडून इफेक्ट लावावा, मग त्याच्या आधीची नोंद आणि ही नोंद यांमधला भाग, असे मागे मागे यावे. पुढून सुरुवात केली तर पहिल्याच कपातीनंतर पुढचे सर्व मिनिट-सेकंद सरकतात आणि वहीतली एकही नोंद जुळत नाही. मागून आल्यास अजून हात न लावलेल्या आधीच्या नोंदी शेवटपर्यंत खऱ्या राहतात.

दोन माणसांसाठी दोन मायक्रोफोन वापरून दोन पट्ट्या (ट्रॅक) घेतल्या असतील तर दोन्ही एकत्र निवडाव्यात आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे कापण्याच्या पर्यायाची खूण काढलेली असावी. नाहीतर माझ्या पट्टीतली शांतता, म्हणजे आजोबा बोलत असतानाचा वेळ, कापली जाते आणि प्रश्न उत्तरावर येऊन आदळतो.

चहाच्या गप्पा, दारावरची हाक, मोबाइलची घंटी असे भाग हातानेच काढावेत. भाग निवडून डिलीट दाबले की तो निघून जातो आणि मागचे पुढे सरकते. निवड करताना दोन्ही टोके शांत जागेत असावीत आणि झेड हे अक्षर दाबून ती लहरीच्या शून्य बिंदूवर आणावीत, म्हणजे जोडावर टक् असा आवाज येत नाही. बोलण्याच्या मध्ये कोणी खोकले आणि तो आवाज घालवून जागा मात्र तेवढीच ठेवायची असेल, तर कंट्रोल-एल दाबून पूर्ण निःशब्दता आणण्याचा मोह टाळावा. खोलीचा सूक्ष्म आवाज अचानक नाहीसा झाला की कानाला तिथे खड्डा पडल्यासारखे वाटते. त्याऐवजी सुरुवातीच्या त्या दहा सेकंदांतला तुकडा उचलून तिथे बसवावा.

प्रश्न आणि उत्तर यांमध्ये मी निदान एक सेकंद राहू देतो आणि कपातीने तो गेला असेल तर परत घालतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच उत्तर द्यायला लावले, असा भास त्या ध्वनिमुद्रणातून निर्माण होणे मला मान्य नाही.

तपासणी आणि जतन

कपात झाल्यावर हेडफोन लावून संपूर्ण मुलाखत ऐकावी. वेळ कमी असेल तर निदान नावे आणि आकडे आले आहेत ते भाग, राखलेल्या जागांच्या आजूबाजूचे भाग आणि वाक्यांची टोके मूळ फाइलशी ताडून पाहावीत. मागे रातकिड्यांचा किंवा बैलांच्या घुंगरांचा संथ ठेका असेल तर कपातीच्या जागी तो ठेका अडखळलेला ऐकू येतो. तिथे कपात मागे घेतलेली बरी.

जतन करण्याच्या प्रती दोन असाव्यात. संग्रहासाठी वेव्ह किंवा फ्लॅक, कारण त्यांत आवाजाची घट होत नाही. १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची एका वाहिनीची वेव्ह फाइल तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट होते आणि फ्लॅक तीच त्याहून कमी जागेत ठेवते. ऐकण्यासाठी ६४ केबीपीएसची मोनो एमपी-थ्री पुरेशी आहे, ती तासाला सुमारे २९ मेगाबाइट होते आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सहज मावते. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि 'मूळ' किंवा 'संपादित' हा शब्द असावा. संपादित फाइलच्या शेजारी मी एक छोटी मजकुराची फाइल ठेवतो. तिच्यात उंबरठा उणे ४०, काळ ०.८ सेकंद, प्रमाण ४० टक्के, खरखर कमी केली की नाही, आणि राखलेल्या जागांची मूळ फाइलमधील मिनिटे, एवढे लिहिलेले असते, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला मूळ प्रतीवरून हेच काम वेगळ्या तऱ्हेने करायचे झाले तर त्याला पहिल्यापासून मोजणी करावी लागत नाही.